उन्हाळं आधी, रिसॉर्ट नंतर

दिवाळीच्या सुट्टीत न्यूझीलंडला बहिणीकडं गेलो होतो, तेव्हा रोटोरुआचे फोटो टाकले होते. आई तळ्याकाठच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलीये, मागं करडं तळं, वर सीगल फिरतायत. आजवर माझ्या कुठल्याच पोस्टवर आल्या नसतील एवढ्या कमेंट त्या फोटोवर आल्या, आणि निम्म्याहून जास्त एकाच अर्थाच्या. ‘आपल्याकडं पण गरम पाण्याचे झरे आहेत, सरकारनं असं काहीतरी केलं पाहिजे.’ ‘आपल्या कुंडावर असा स्पा झाला तर कोकणाचं सोनं होईल.’ जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका मित्रानं तर ‘जागा बघून ठेवतो’ असं लिहून खाली हसरा चेहरा टाकला. तो विनोद होता असं मला वाटत नाही.

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. रोटोरुआचा स्पा उत्तम आहे, मला आवडला, जमलं तर पुन्हा जाईन. पण आपण उचलायची गोष्ट स्पा ही नाही. जमिनीखालचं गरम पाणी संपत चाललंय हे कळल्यावर त्या देशानं १९८६ साली लोकांच्या घरातले, मोटेलांतले, स्वतःच्या कचेऱ्यांतले बोअर बंद केले, ही आहे. आपल्याकडं नेमकं उलटं चाललंय. झरा गावाचा, आणि बोअर ज्याच्याकडं पैसा त्याचा.

आता सविस्तर.

रोटोरुआ हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं शहर. ऑकलंडहून गाडीनं तीनेक तास, बहीण राहते त्या हॅमिल्टनहून दीड तास. शहर वसलंय त्याच नावाच्या मोठ्या तळ्याच्या दक्षिण काठावर. हे तळं म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचा खचलेला पेला आहे. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, जमीन खाली बसली आणि खड्ड्यात पाणी साचलं. खालची धग अजून विझलेली नाही. त्यामुळं शहरात कुठंही चालताना गटाराच्या जाळीतून, बागेतल्या झुडपाखालून, कुणाच्या कुंपणाच्या कडेनं वाफ येताना दिसते. आणि वास. शहरात शिरून गाडीची काच खाली केली आणि कुजलेल्या अंड्यांचा वास आत आला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं नाक दाबून धरलं. मागच्या सीटवरून आई बहिणीला म्हणाली, ‘हा तर आपल्या उन्हाळ्याचाच वास गो.’

शहरातल्या मित्रमंडळींसाठी खुलासा. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा, उन्हाळा नव्हे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, त्यावरून उन्हाळं. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, तिकडं जळगावातलं उनपदेव, नांदेडातलं उनकेश्वर, सगळ्यांच्या नावातच ऊन बसलेलं आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना त्या जागेची किंमत कळत होती. आपण मात्र हल्ली ‘हॉट स्प्रिंग’ म्हणतो, कारण रील्समध्ये तसं म्हणतात.

आम्ही गेलो तो पॉलिनेशियन स्पा अगदी तळ्याला लागून आहे. एका बाजूला सल्फर बे म्हणतात ती खाडीसारखी कड, तिथलं पाणी गंधकामुळं दुधट दिसतं. आत वेगवेगळ्या तापमानाची कुंडं, प्रत्येकाजवळ अंश लिहिलेली पाटी. घरच्यांसाठी, पोराबाळांसाठी वेगळं कुंड. दोन प्रकारचं पाणी. एक आम्लधर्मी, त्याला ‘प्रीस्ट’चा झरा म्हणतात. १८७८ साली संधिवातानं जखडलेला एक ख्रिस्ती धर्मगुरू तिथं येऊन डुंबला आणि बरा झाला, अशी गोष्ट सांगतात. दुसरं अल्कधर्मी, ते अंगाला लावलं की कातडी गुळगुळीत लागते, त्याला नाव ‘रेचेल’. ही रेचेल कोण, तर लंडनमध्ये तारुण्य टिकवण्याची औषधं विकून श्रीमंत बायकांना गंडवणारी आणि शेवटी तुरुंगात गेलेली बाई. झऱ्याला ठकसेन बाईचं नाव देण्याइतका मोकळेपणा आपल्याकडं येणं कठीण. आपल्या प्रत्येक झऱ्याला कुठल्या तरी ऋषींचा किंवा रामाच्या बाणाचा आधार लागतो.

खरा प्रश्न आईच्या कपड्यांचा होता. पोहण्याचे कपडे सक्तीचे. तिचं वय ७१, आयुष्यात साडी आणि अलीकडं घरात गाऊन, एवढंच. बहिणीनं आधीच दुकानातून पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला होता. ‘ह्यात मी माकड दिसते’, असं म्हणत म्हणत ती आत गेली. अंगावरची चांदी काढून ठेवा, ह्या पाण्यानं काळी पडते, हे बहिणीनं दोनदा बजावलं. बांगड्या निघाल्या, जोडवी काही निघाली नाहीत. ती काळी कुळकुळीत झाली आणि घरी येऊन तिनं टूथपेस्ट लावून घासली. असो.

मुद्दा हा की आई त्या पाण्यात बसली. कठडा धरून, सावकाश पायऱ्या उतरून. पाव तास बसायची, बाहेर येऊन पाणी प्यायची, पुन्हा जायची. बाजूला जपानी बाई होती, तिकडच्या दोन म्हाताऱ्या होत्या, एक जाडजूड माओरी आजोबा डोळे मिटून पडले होते. कुणाचं कुणाकडं लक्ष नाही. समोर तळं, वारा गार, अंग गरम. तासाभरानं मी विचारलं, गुडघे कसे आहेत? ती म्हणाली, ‘गुडघ्यांचं माहीत नाही, पण इथं कुणी बघत नाही.’

हे वाक्य मला लागलं, आणि खरं तर ही पोस्ट तिथंच सुरू झाली. कारण आमच्या घरापासून उन्हाळं चार किलोमीटरवर आहे. गावाचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. आईचं लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती त्या कुंडात किती वेळा उतरली? मोजून तीनदा. तेही पहाटे, अंधारात, दोन जावांनी साडी धरून आडोसा केल्यावर. बाप्यांचं बरं असतं. टॉवेल गुंडाळला की झालं. सकाळी सातपासून कुंडावर पुरुष, रविवारी तर दारू पिऊन आलेली टोळकी, मोबाईल हातात. बायकांनी कधी जायचं? गुडघेदुखी, कंबरदुखी घेऊन जगणाऱ्या बायका आपल्या गावात पुरुषांपेक्षा जास्त आहेत. चिखलात वाकून लावणी त्या करतात, डोक्यावर भारे त्या आणतात. आणि औषधासारखं पाणी उशाला असून त्यांना ते मिळत नाही, कारण तिथं एक भिंत आणि एक कडी लावायचं दार नाही. काही ठिकाणी बायकांचं कुंड वेगळं आहे, भिंतही आहे, तिथल्या बायकांना विचारा त्यांना त्याचं किती आहे ते. बाकी ठिकाणी काय?

ह्यावर लगेच कुणी म्हणेल, म्हणूनच तर स्पा पाहिजे. थांबा.

त्या स्पाचं तिकीट किती हे बहिणीनं आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आईला रुपयांत हिशेब करायची सवय आहे, सांगितलं असतं तर ती बाहेरच बसली असती. असा स्पा आपल्या कुंडावर उभा राहिला तर तिथं पुण्या-मुंबईची माणसं येतील, आनंदानं येतील, पैसे टाकतील. माझ्या दोन काकू येतील का? गावच्या माणसाला पन्नास टक्के सवलत दिली तरी नाही येणार. दारात वॉचमन दिसला की आमची माणसं आपणहून मागं वळतात.

रोटोरुआत स्पा आहे, पण शहराच्या मधोमध कुइराऊ नावाची बागही आहे, ती फारशी कुणी फोटोत टाकत नाही. मोठं सार्वजनिक उद्यान. आत उकळता चिखल, वाफाळणारी डबकी, भोवती कुंपण. आणि एका बाजूला पाय सोडून बसायला गरम पाण्याचे हौद, वर छप्पर. फुकट. तिकीटघर नाही, वॉचमन नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कामाचे बूट काढून ठेवून दोन मजूर पाय बुडवून डबा खात होते. शेजारी शाळेच्या गणवेशातल्या मुली. आईनं साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि बसली. इथं पोहण्याचा पोशाख नको, काही नको. ती स्पापेक्षा इथं जास्त रमली.

आणि तिसरी जागा, फाकारेवारेवा. मोठं नाव आहे, तिथले लोक नुसतं ‘फाका’ म्हणतात. हे माओरी लोकांचं राहतं गाव आहे, देखावा नव्हे. घरांच्या मधून वाफ निघते. जमिनीतल्या वाफेवर ठेवलेल्या लाकडी पेटाऱ्यांत मांस, कणसं, भाज्या शिजतात. गावाचे सामायिक न्हाणीचे हौद आहेत, झऱ्याचं पाणी पाटानं त्यात सोडलेलं. दिवसा पर्यटक येतात, संध्याकाळी गावकरी आपापली आंघोळ करतात. गाव दाखवणारे वाटाडेही त्याच समाजाचे. त्यांचे पूर्वज आधी जवळच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांसारख्या निसर्गनिर्मित कुंडांवर पाहुण्यांना घेऊन जात. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा डोंगर फुटला, शंभराहून जास्त माणसं गेली, त्या पायऱ्याही गेल्या. वाचलेल्यांपैकी बरेच जण इथं येऊन राहिले आणि पुन्हा वाटाडे झाले. पर्यटनाचा पैसा झऱ्याच्या मालकांच्या घरात जाणं म्हणजे काय, ते तिथं दिसतं.

आता त्या बोअरची गोष्ट. ही मला बहिणीच्या नवऱ्यानं सांगितली, तो तिकडं पाण्याच्याच कामात आहे. मग परत आल्यावर मी बरंच वाचलं.

रोटोरुआत घराच्या अंगणात बोअर मारला की गरम पाणी लागतं. मग काय, थंडीचा देश, वीज महाग. हळूहळू शेकडो बोअर झाले. घरं गरम करायला, मोटेलांचे हौद भरायला, सगळ्याला जमिनीतलं फुकट पाणी. १९७० च्या दशकात तेल महागलं तसे बोअर आणखी वाढले. वापरलेलं पाणी जमिनीत परत सोडायचं तर खर्च येतो, म्हणून बरेच जण ते वरच्यावर सोडून द्यायचे. आणि हळूहळू फाकाची उष्ण कारंजी मंदावू लागली. झरे आटू लागले. पापाकुरा नावाचं कारंजं पिढ्यान्‌पिढ्या उडत आलेलं, ते १९७९ मध्ये थांबलं. थांबलं म्हणजे एकदम थांबलं.

सरकारनं लगेच आदेश काढला असं नाही. तिथलीही सरकारं आपल्यासारखीच, आधी अभ्यास. पण तो अभ्यास झाला. काही वर्षं बोअर मोजले, जमिनीखालच्या पाण्याची पातळी आणि दाब मोजला. निष्कर्ष साधा होता. सगळं पाणी खाली एकच आहे. इकडून ओढलं की तिकडं कमी होतं. मग १९८६ साली निर्णय झाला. पोहुतू ह्या सगळ्यात मोठ्या कारंजाभोवती दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद. सरकारी कचेऱ्यांचे बोअरही बंद. बाहेरच्यांनी जे पाणी काढायचं त्याचे पैसे भरायचे.

लोक चिडले की नाही? चांगलेच चिडले. थंडीत घर गरम ठेवायची फुकटची सोय काढून घेतल्यावर कोण गप्प बसेल? मोर्चे, सभा, निषेध झाले. तरी बोअरमध्ये सिमेंट ओतून ते बुजवले. ज्यांनी हे केलं त्या पुढाऱ्यांना त्या वर्षी तिथं मतं मिळाली नसणार, हे उघड आहे.

मग खालचा दाब वाढायला लागला. काही झरे काही वर्षांत परत आले, काहींना फार काळ लागला. पापाकुरा परत उडायला लागलं ते २०१५ साली. ३६ वर्षांनी. मधल्या काळात एक अख्खी पिढी ते न बघता मोठी झाली. दीड किलोमीटरची ती मर्यादा आजही आहे. जिथं परवानगी आहे तिथं वापरलेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडायचा आग्रह आहे, किंवा नळी आत सोडून नुसती उष्णता घ्यायची, पाणी घ्यायचंच नाही, अशी सोय आहे. ज्या स्पात आई बसली, त्याच्या मागं हा सगळा इतिहास आहे. फोटोत तो येत नाही.

रोटोरुआ म्हणजे स्वर्ग, असं मला सुचवायचं नाही. ज्या जमिनीवर ते शहर उभं आहे ती माओरींची होती. १८८० साली त्यांच्याशी भाडेपट्ट्याचा करार झाला, पुढच्या वर्षी उष्ण झऱ्यांच्या प्रदेशासाठी कायदा झाला, आणि दहा-बारा वर्षांत बरीचशी जमीन सरकारच्या हातात गेली. भाडं मिळणार म्हणून सही केली आणि जमीनच गेली, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तळ्यांचे तळ त्या लोकांना कायद्यानं परत मिळायला २००६ साल उजाडलं. म्हणजे गोऱ्या माणसाचा न्याय वगैरे काही नाही. भांडून मिळालेलं आहे.

आता आपल्याकडं येऊ.

ठाणे-पालघरपासून राजापूरपर्यंत तीनेकशे किलोमीटरच्या पट्ट्यात आपली उन्हाळी विखुरलेली आहेत. तानसेच्या काठी अकलोली, गणेशपुरी. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव. मग उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. काही नुसती कोमट, काहींचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे हात घातला तर भाजेल असं. हा ज्वालामुखी नाही. आपला काळा पत्थर ज्वालामुखीचाच, पण तो निवून साडेसहा कोटी वर्षं झाली. आपल्याकडं होतं ते असं: पावसाचं पाणी भेगांमधून फार खोल उतरतं, खोलात जमीन मुळातच गरम असते, तिथं ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. रोटोरुआच्या मानानं हा कारभार लहान आहे. तिथं खाली भट्टी आहे, आपल्याकडं नुसती एक चिंचोळी वाट. मोठ्या भट्टीवरच्या झऱ्यांनाही बोअर सोसले नाहीत, तर आपल्या वाटेचं काय होईल, ह्याचा विचार भूगर्भशास्त्र न शिकता करता येतो.

आणि बोअर पडायला लागले आहेत. एका गावी मी स्वतः बघितलं, उन्हाळ्यापासून हाकेच्या अंतरावर नवीन रिसॉर्ट, बाहेर फलक, ‘रूममध्ये नैसर्गिक गरम पाणी’. मी मॅनेजरला विचारलं, पाणी कुठून येतं? ‘बोअर आहे सर.’ परवानगी? ‘आमचीच जागा आहे सर.’ अगदी नम्रपणे बोलला तो. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. सातबारा माझा म्हणजे खाली पाताळापर्यंत माझं, हा आपला समज. पाण्याला सातबारा माहीत नसतो.

त्याच गावातले एक जुने गृहस्थ म्हणाले, पूर्वी मधल्या कुंडात अंडं उकडायचं, आता उकडत नाही. खरं असेल, खोटंही असेल. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत पूर्वीचं सगळंच जास्त गरम आणि जास्त गोड असतं. बोअरनं झालं, पाऊस कमी म्हणून झालं, की झालंच नाही, कसं ठरवणार? ठरवता येत नाही, कारण कुणी मोजलेलंच नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांनी ह्या झऱ्यांचा अभ्यास केलेला आहे, नाही असं नाही. पण अभ्यास करून माणसं निघून जातात. दर महिन्याला कुंडावर जाऊन तापमान घेऊन वहीत लिहून ठेवणारं गावात कुणी नाही. रोटोरुआचे लोक जिंकले ते आकड्यांवर. आपल्याकडं उद्या कुणी कोर्टात गेला तर ‘पूर्वी अंडं उकडायचं’ हाच पुरावा.

रोजगाराचं काय, असं विचारणाऱ्यांना मी झटकून टाकणार नाही. आमच्या वाडीतली तिशीच्या आतली पोरं मुंबईला आहेत, ती परत यावीत असं सगळ्यांनाच वाटतं. पण सरळ हिशेब करू. रिसॉर्टमध्ये गावातल्या पोराला काय मिळतं? वेटर, माळी, गेटवर काठी. मालक बाहेरचा, पाणी आपलं. त्यापेक्षा फाकासारखं गावानंच कुंड चालवलं, बाहेरच्या पाहुण्यांकडून शुल्क घेतलं, गावच्या माणसाला फुकट ठेवलं, बचत गटाच्या बायकांनी जेवण दिलं, तर पैसा कमी येईल पण गावात राहील. हे सोपं नाही हे मला माहीत आहे. कुंड कुठं देवस्थानाचं, कुठं ग्रामपंचायतीचं, कुठं कुणाच्या खाजगी नंबरात. भावकीत भांडणं आहेत, ट्रस्टमध्ये दोन तट आहेत. पण हे तंटे सोडवता येतात. आटलेलं पाणी ३६ वर्षं परत येत नाही.

मागायचं काय, ते मी माझ्यापुरतं ठरवलंय. पहिलं म्हणजे उन्हाळ्याभोवती बोअरबंदी. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतासाठी आपल्या राज्याच्या भूजल कायद्यात ५०० मीटरची मर्यादा आहेच. उन्हाळं प्यायचं पाणी नाही म्हणून त्याला ती मिळत नसेल, तर सरकारनं वेगळी अधिसूचना काढावी. दीड किलोमीटर नको, अर्धा तर द्या. आधी झालेल्या बोअरना मीटर लावा. ग्रामसभेचा ठराव हे काही ब्रह्मास्त्र नाही, पण ठराव नसेल तर पुढं कुणी ऐकूनच घेत नाही.

दुसरं, बायकांसाठी भिंत, छप्पर, आतून कडी लागणारं दार आणि ठरलेल्या वेळा. ह्याला किती खर्च येतो? गावच्या कमानीला आला त्याहून कमीच. कमानी आपण बांधतो, वर नेत्यांची नावं घालता येतात म्हणून. न्हाणीघराच्या दारावर नाव कोण घालणार? तीच तर अडचण आहे.

आणि एक पाटी. स्पामध्ये मुलानं बुडी मारायला बघितली तेव्हा बहिणीनं त्याला खसकन वर ओढला. त्या देशात उष्ण झऱ्यांवर ‘डोकं पाण्याखाली घालू नका’ असं सांगितलेलं असतं. कोमट, गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत जातो, आणि गेला तर माणूस क्वचितच वाचतो. प्यायल्यानं होत नाही, नाकात पाणी गेल्यानं होतं. केरळात गेल्या काही वर्षांत ह्या आजारानं माणसं गेलेली आहेत, तुम्ही बातम्या वाचल्या असतील. आणि आपल्या कुंडांत पोरं सूर मारतात, आपण कौतुकानं व्हिडिओ काढतो. घाबरून कुंडावर जायचं बंद करू नका, मी स्वतः जातो. पण पोरांना सांगा, मान वर ठेवून बसायचं. साबण, शाम्पूच्या पुड्या कुंडात नकोत, हे पण त्याच पाटीवर लिहा. आधी बाहेर अंग धुवा, मग उतरा. आणि गंधकाच्या वायूबद्दलही. रोटोरुआत बंद खोलीत तो वायू साचून माणसं दगावलेली आहेत. म्हणजे उन्हाळ्याभोवती उद्या कुणी चारी बाजूंनी काचा लावून एसी कुंड बांधलं तर तो देखणा पिंजरा ठरू शकतो. बायकांच्या न्हाणीघरालाही छप्पर घाला, पण वरून वारा खेळता ठेवा.

रिसॉर्टला माझा विरोध आहे का? नाही. उन्हाळ्यापासून लांब बांधा, साध्या पाण्यावर चालवा, पाहुण्यांना गाडीनं कुंडावर आणा, शुल्क भरा. मित्रा, तू जागा बघतोयस ना, बघ. पण पाचशे मीटरच्या पलीकडं बघ.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. अर्ज लिहून ठेवलाय, नमुना हवा असेल तर मेसेज करा, तुमच्या गावाचं नाव घालून वापरा. ह्या बाजूच्या चार-पाच उन्हाळ्यांच्या गावांनी एकाच दिवशी ठराव केला तर तालुक्याला दुर्लक्ष करणं जड जाईल. आईनं बायकांच्या बाजूनं बोलायचं कबूल केलंय. ती ग्रामसभेत आजवर बोललेली नाही, त्यामुळं त्या दिवशी गर्दी करा.

दरम्यान एक थर्मामीटर घेतलाय, स्वयंपाकातला, १०० अंशांपर्यंतचा, स्टीलची लांब दांडी आहे. तो आणि एक दोनशे पानी वही कुंडाजवळच्या दुकानात ठेवलीये. दुकानदार वहिनी तयार आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला, लोक उतरायच्या आधी, तिन्ही कुंडांचं तापमान आणि पाणी कितव्या पायरीपर्यंत आहे ते लिहायचं. मी दर महिन्याला गावी नसतो. ज्यांना ही पाळी घ्यायची असेल त्यांनी खाली नाव आणि महिना लिहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरलेत, पावसाळ्यातले चार महिने रिकामे आहेत.